उभयचर गाडीच्या क्लच स्प्रिंगा: आधी मोजा, मग खोला

सहा किंवा आठ चाकांची, जमिनीवरून थेट पाण्यात उतरणारी गाडी खान्देशात अजून दुर्मीळ आहे. पण तिच्याजोगी जमीन इथं भरपूर आहे. चांगदेवला पूर्णा तापीला मिळते तिथला हतनूरचा फुगवटा, नवापूरकडे उकाईचं पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर, पावसाळ्यात पाय धरून ठेवणारी काळी जमीन. ट्रॅक्टर रुततो आणि बोट टेकते, त्या मधल्या पट्ट्यात ही गाडी चालते. ती बहुधा परदेशातून आलेली आणि जुनी असते, आणि जवळच्या मिस्त्रीने तसली गाडी पूर्वी खोललेली नसते. मग गाडी चिखलात दमायला लागली की कोणीतरी सांगतं, "क्लचची स्प्रिंग कडक टाका." सल्ला कधी बरोबर असतो, पण बऱ्याचदा चुकीचा निघतो. कडक स्प्रिंग म्हणजे चांगली स्प्रिंग, असं या क्लचमध्ये नसतं. तुमच्या इंजिनाची ताकद ज्या आरपीएमला (मिनिटाला जेवढ्या फेऱ्यांना) असते, तिथं त्याला धरून ठेवणारी स्प्रिंग चांगली. म्हणून या कामात पान्यापेक्षा वही आधी लागते.

१. तुमच्या गाडीला हे लागू आहे का

हा लेख पट्ट्यावर चालणाऱ्या सीव्हीटी (गिअर न टाकता आपोआप बदलणाऱ्या) क्लचच्या गाड्यांसाठी आहे. कॅनडातली आर्गो, अमेरिकेतली मॅक्स आणि त्या जातीच्या इतर गाड्या यात येतात. इंजिनाच्या शाफ्टवर एक क्लच, गिअरबॉक्सच्या शाफ्टवर दुसरा, आणि दोघांमध्ये रबरी पट्टा. शेर्पसारख्या मोठ्या डिझेल गाडीला हाताने टाकायचे गिअर असतात, तिला यातलं काही लागू नाही.

सीट किंवा मधलं झाकण काढून पाहा. दोन पुल्या आणि एक रुंद पट्टा दिसला तर पुढे वाचा.

२. दोन स्प्रिंगा, दोन वेगळी कामं

इंजिनावरच्या क्लचमधली स्प्रिंग पुलीच्या दोन बाजूंना एकमेकींपासून दूर ठेवते. आत वजनं असतात. इंजिन फिरायला लागलं की ती बाहेर फेकली जातात आणि सरकत्या बाजूला आत ढकलतात. वजनांचा जोर स्प्रिंगपेक्षा वाढला की पुली पट्ट्याला चिमटीत धरते आणि गाडी हलते. हा क्षण ज्या आरपीएमला येतो त्याला या लेखात "पकड" म्हणू. आरपीएम आणखी वाढला की पट्टा या पुलीवर वर चढत जातो आणि गाडी वेग घेते.

गिअरबॉक्सवरच्या क्लचमधली स्प्रिंग उलट काम करते. ती पुलीच्या बाजू जवळ दाबून ठेवते, म्हणजे पट्टा वरच्या घेरात राहतो आणि गाडी ताकदीने पण हळू चालते. ही स्प्रिंग नुसती दाबलेली नसते, पिळूनही बसवलेली असते. सोबत एक तिरका कॅम असतो. चाकांवर भार आला की कॅम पुलीला आणखी आवळतो आणि पट्ट्याला परत वर ढकलतो. चिखलात किंवा चढावर गाडी आपोआप "खालच्या गिअरला" येते ती यामुळे.

इंजिनावरची स्प्रिंग कडक केली तर पकड उशिरा येते आणि गाडी जास्त आरपीएमवर चालते. गिअरबॉक्सवरची कडक केली तर गाडी भाराखाली लवकर सावरते, पण पट्ट्यावर दाब वाढतो आणि पट्टा तापतो. दोन्ही एकदम बदलल्या तर कशाने काय झालं हे कळायला मार्ग उरत नाही. एका वेळी एकच बदला.

३. दोष स्प्रिंगचाच आहे का?

स्प्रिंग मागवण्याआधी पुढच्या गोष्टी तपासा. "स्प्रिंग कमजोर आहे" म्हणून आलेल्या गाडीत कारण बहुतेक वेळा यांतलंच एखादं असतं.

*पट्टा.* व्हर्नियरने वरची रुंदी मोजा आणि नव्या पट्ट्याच्या मापाशी ताडून पाहा. ३ मिमी कमी भरली तर पट्टा बदला, स्प्रिंगचा विचार त्यानंतर. झिजलेला पट्टा इंजिनाच्या पुलीत खोल बसतो आणि पूर्ण पकड येण्याआधीच घसरतो. बाजू काचेसारख्या चकाकत असतील किंवा एखाद्या जागी कमरेसारखा बारीक झाला असेल तर तो जळलेला पट्टा आहे.

*धूळ.* आपल्याकडचा मार्च ते मेचा फुफाटा बारीक असतो. तो पट्ट्याच्या काळ्या भुशात मिसळून सरकत्या पुलीच्या बुशात आणि वजनांच्या पिनांवर जाऊन बसतो. पुली अडकत सरकते आणि लक्षण हुबेहूब खराब स्प्रिंगसारखं दिसतं. कॉम्प्रेसरची हवा मारा, तोंडाला मास्क आणि डोळ्याला गॉगल लावून. तेल किंवा ग्रीस लावू नका. हे बुश कोरडेच चालतात. तेलावर धूळ चिकटते, आणि फिरताना तेच तेल पट्ट्यावर उडतं.

*चाकं.* एका बाजूची सगळी चाकं साखळीने एकमेकांना जोडलेली असतात. एका टायरचा घेर दुसऱ्यापेक्षा वेगळा असेल तर ती एकमेकांना ओढत राहतात आणि इंजिनाची ताकद तिथंच जिरते. प्रत्येक टायरचा घेर टेपने मोजा आणि हवा कमीजास्त करून सारखा करा. या टायरांत हवा फारच कमी असते, साधारण २ ते ५ पीएसआय. मोटारसायकलचा हवेचा मीटर एवढा कमी दाब नीट दाखवत नाही, कमी दाबाचा वेगळा मीटर घ्या.

*ब्रेक आणि साखळ्या.* चाकं उचलून हाताने फिरवा. ब्रेकचा बँड घासत असेल किंवा साखळी कोरडी, ताठ झाली असेल तर आधी ते दुरुस्त करा.

*इंजिन.* एअर फिल्टर, प्लग, कार्बोरेटर. इंजिनच पूर्ण आरपीएम गाठत नसेल तर कुठलीही स्प्रिंग त्याला ताकद देणार नाही.

हे सगळं ठीक असेल आणि गाडीत बदल झालेला असेल, तर मात्र स्प्रिंगकडे बघायला खरं कारण आहे. २२ इंची टायरच्या जागी २५ इंची टाकले तर घेर सुमारे १४ टक्के वाढतो आणि इंजिनावर तेवढाच जादा भार येतो. टायरांवर ट्रॅक चढवले किंवा मागे कायमची टाकी, पंप, माणसं असा बोजा आला, तर त्याचाही परिणाम तोच.

४. हत्यारं, सामान आणि कागद

- आरपीएम मीटर. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा, स्वस्तातला चालतो.
- व्हर्नियर, मोजपट्टी, मार्कर, वही.
- तुमच्या क्लचच्याच मापाचा पुलर बोल्ट.
- टॉर्क पाना, सॉकेट सेट, सरक्लिप प्लायर, पट्ट्याचा पाना.
- स्प्रिंग दाबायला लांब थ्रेडेड रॉड, दोन नट आणि जाड वॉशर.
- ओढून वजन दाखवणारा हुकाचा काटा, २५ किलोपर्यंतचा.
- १०० किलोच्या वरचा डिजिटल वजनकाटा. केळीच्या वखारीत असतो तसा प्लॅटफॉर्म काटा उत्तम.
- ब्रेक क्लीनर किंवा थिनर, लिंट न सोडणारं फडकं, बारीक स्कॉच ब्राइट.
- गॉगल, हातमोजे.
- एक नवा पट्टा. जुना चांगला असला तरी चाचणीत हाताशी असावा.

पुलर बाजारात मिळाला नाही तर जळगाव किंवा धुळ्याच्या एमआयडीसीत लेथवर करून घेता येतो. नमुना म्हणून क्लचचा मूळ बोल्ट आणि शाफ्टच्या टोकाचं माप न्या. पुलर कडक स्टीलचाच हवा. साध्या सळईचा केला तर टोक आत पसरतं आणि क्लचमध्ये अडकून बसतं.

स्प्रिंग परदेशातून मागवत असाल तर क्लचच्या पुलीवर कोरलेला नंबर, इंजिनाचं मॉडेल आणि गाडीच्या चेसिस प्लेटचा फोटो विक्रेत्याला पाठवा. गाडीचं वर्ष सांगून भागत नाही, आधीच्या मालकाने क्लच बदललेला असू शकतो. कुरिअरला केवायसीसाठी ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. लोखंडी-पोलादी स्प्रिंगा कस्टममध्ये ७३२० या शीर्षाखाली येतात. विक्रेत्याला बिलावर वस्तूचं नाव, नग आणि किंमत स्पष्ट लिहायला सांगा. नुसतं "पार्ट्स" लिहिलेलं पार्सल चौकशीत अडकतं.

५. आजचे आकडे लिहून ठेवा

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही आहे आणि लोक नेमकी हीच गाळतात.

आधी मीटरची खात्री करा. औद्योगिक पद्धतीच्या दोन सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक प्लग बहुधा दर फेऱ्याला एकदा ठिणगी देतो. मीटर "दोन फेऱ्यांना एक ठिणगी" या सेटिंगवर असेल तर आकडा दुप्पट दिसेल. स्लो रनिंगला १२०० च्या जागी २४०० दिसले तर इंजिनाला हात लावू नका, मीटरची सेटिंग बदला.

मग कडक, सपाट जमिनीवर इंजिन गरम झाल्यावर मोजा:

अ) स्लो रनिंगचा आरपीएम.

आ) पकड. थ्रॉटल अगदी सावकाश वाढवा, गाडी हलली त्या क्षणीचा आकडा लिहा. तीनदा घ्या, मधला धरा.

इ) सपाटीवर पूर्ण थ्रॉटलला स्थिर झालेला आरपीएम.

ई) भाराखालचा आरपीएम. एक ठरावीक चढ किंवा चिखलाचा पट्टा निवडा, नेहमीचा बोजा घ्या, पूर्ण थ्रॉटल द्या आणि आकडा कुठवर खाली येतो ते पाहा.

उ) जागेवर वळतानाचा आरपीएम. या गाड्या एका बाजूची चाकं अडवून वळतात, आणि काळ्या ओल्या मातीत वळण हेच सगळ्यात जड काम असतं. पट्टा घसरायला सुरुवात होते ती इथं.

आता मार्करची परीक्षा. इंजिन बंद करून दोन्ही पुल्यांच्या आतल्या बाजूंवर मध्यापासून कडेपर्यंत सरळ रेघ ओढा. पट्ट्यावरचं कव्हर लावा, पूर्ण वेगाने एक फेरी मारा, परत उघडा. पट्टा जिथवर चढला तिथवर रेघ पुसलेली असते. इंजिनाच्या पुलीवर कडेला बरीच रेघ शिल्लक असेल तर गाडी वरच्या गिअरला जातच नाही. अशा गाडीला आणखी कडक स्प्रिंग टाकणं म्हणजे दोष वाढवणं.

कव्हर उघडं ठेवून इंजिन चालवू नका. तुटलेला पट्टा बोटं नेतो.

६. कोणती स्प्रिंग?

इंजिनावरच्या स्प्रिंगचे दोन आकडे असतात: बसवलेल्या लांबीला जोर किती, आणि पुली पूर्ण मिटल्यावर जोर किती. पहिला आकडा पकड ठरवतो, दुसरा वरचा आरपीएम. विक्रेते ते बहुधा पाउंडात देतात. १०० पाउंड म्हणजे ४५.४ किलो.

समजा आताची स्प्रिंग ३० किलोपासून ६० किलोपर्यंत जाते. तिच्या जागी ४० ते ६० ची टाकली तर पकड उशिरा येईल, वरचा आरपीएम जवळपास तोच राहील. ३० ते ७० ची टाकली तर सुटताना काही फरक जाणवणार नाही, पण वेगात इंजिन जास्त फिरेल. तुमची तक्रार कुठल्या टोकाची आहे, त्यावरून आकडा निवडा.

किती वाढवायचं याचा हिशेब सोपा आहे. वजनांचा जोर आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पकड १७०० वरून १९०० ला न्यायची असेल तर १९०० भागिले १७००, त्याचा वर्ग, म्हणजे १.२५. सुरुवातीचा जोर पाव पटीने वाढवायचा, ३० किलोच्या जागी साधारण ३७ ते ३८. कोणी ४० ची दिली तर पकड १९६० च्या आसपास येईल. वजनं तीच राहिली तरच हा हिशेब बसतो. वजनं १० टक्के जड केली तर आरपीएम साधारण ५ टक्क्यांनी खाली येतो.

आता सगळ्यात मोठा सापळा. यातल्या पुष्कळ गाड्यांना गव्हर्नरचं (फेरे ठरावीक मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्रणेचं) इंजिन असतं आणि ते ३६०० आरपीएमच्या आसपास अडवलेलं असतं. बर्फावरच्या गाड्यांच्या स्प्रिंगा दिसायला सारख्या, कधीकधी मापालाही बसणाऱ्या आणि सहज मिळणाऱ्या असतात. पण त्या ज्या इंजिनांसाठी बनतात ती याच्या दुप्पट फिरतात. तसली स्प्रिंग टाकली की पकडच ३००० च्या पुढे जाते, गाडी धक्क्याने सुटते आणि वरच्या गिअरला कधीच पोचत नाही. पट्टा काही तासांत जळतो. तुमच्या इंजिनाचा कमाल आरपीएम पुस्तिकेत पाहा आणि त्याच जातीच्या इंजिनासाठी विकली जाणारी स्प्रिंगच घ्या. गव्हर्नरचा स्क्रू फिरवून आरपीएम वाढवण्याचा मोह टाळा. त्या इंजिनाचा कनेक्टिंग रॉड त्यासाठी बनवलेला नसतो.

खालची मर्यादाही आहे. स्लो रनिंग आणि पकड यांत निदान ४०० ते ५०० आरपीएमचं अंतर ठेवा. ते कमी असेल तर गाडी उभ्या जागी सरपटते आणि गिअर टाकताना करकरते.

रंगावर जाऊ नका. एका कंपनीची पिवळी स्प्रिंग दुसऱ्या कंपनीच्या पिवळीशी जुळत नाही.

हातात आलेली स्प्रिंग बसवण्याआधी स्वतः तोला. वजनकाटा पिलर ड्रिलच्या टेबलावर ठेवा, ड्रिलचा प्लग काढा, काट्यावर स्प्रिंग उभी करा, वर सपाट लोखंडी तुकडा ठेवा आणि स्पिंडल हँडलने खाली दाबा. स्प्रिंग बसवलेल्या लांबीइतकी झाली की काट्यावरचा आकडा लिहा, मग पूर्ण मिटलेल्या लांबीला आणखी एक. तारेच्या जाडीवरही नजर ठेवा. कडकपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणून ५ मिमीच्या जागी ५.३ मिमी तार असेल, बाकी सगळं तेच असलं तरी स्प्रिंग सुमारे २६ टक्के कडक होते. डोळ्याला हा फरक दिसत नाही.

शेवटी वेढे एकमेकांवर बसत नाहीत ना, हे पाहा. तारेची जाडी गुणिले वेढ्यांची संख्या ही स्प्रिंगची सगळ्यात कमी लांबी. ५ मिमीची तार आणि ७ वेढे असतील तर ३५ मिमी. पुली पूर्ण मिटल्यावर आत उरणारी जागा याहून २ ते ३ मिमी तरी जास्त हवी. नसेल तर स्प्रिंग नळीसारखी घट्ट होते, पुली तिथंच थांबते आणि कव्हरचे स्क्रू ताणले जातात.

खर्च करण्याआधी प्रयोग हवा असेल तर जुन्या स्प्रिंगखाली पातळ वॉशर घालून पाहता येतं. स्प्रिंग दर मिमीला १.२ किलो जोर देत असेल तर २ मिमीच्या वॉशरने सुरुवातीचा आणि शेवटचा, दोन्ही जोर सुमारे २.४ किलोने वाढतात. वेढ्यांचा हिशेब इथंही करायचाच.

७. इंजिनावरचा क्लच खोलणं

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, प्लगच्या टोप्या काढा, गाडीच्या चाकांना उटी (दगड किंवा ठोकळा) लावा.

१. पट्टा काढा. गिअरबॉक्सवरच्या पुलीच्या बाजू दूर करून तो वरून उतरतो. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, पुलीच्या कडेला खाच पडते आणि ती खाच पुढचा प्रत्येक पट्टा खाते. पट्ट्यावरचा बाण फिरण्याच्या दिशेला आहे ना बघा. बाण नसेल तर मार्करने काढा.

२. मधला बोल्ट सोडा. पुली पट्ट्याच्या पान्याने धरा. इंजिनाच्या पंख्यात सळई अडकवून धरू नका.

३. पुलर लावा. टोकाला थोडं ग्रीस, सावकाश कसत जा. घट्ट झाल्यावर पुलरच्या डोक्यावर सरळ एक टोला दिला की टेपर (निमुळत्या) शाफ्टवरचा क्लच सुटतो. पुलीच्या कडेवर हातोडा मारायचा नाही, क्रँक वाकतो. शाफ्ट सरळ आणि चावीचा (खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्याने अडवलेला) असेल तर क्लच सरळ ओढून येतो. गंजलेला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल टाकून ठेवा.

४. क्लचचं कव्हर, सरकती पुली आणि स्थिर पुली, या तिघांवर मार्करने एकाच ओळीत खुणा करा. क्लच जोडलेल्या स्थितीत तोललेला असतो. खूण चुकली तर गाडीभर थरथर येते आणि क्रँकचं बेअरिंग जातं.

५. थ्रेडेड रॉड मधून घालून दोन्हीकडे वॉशर-नट लावा आणि कव्हर दाबून धरा. मग कव्हरचे स्क्रू क्रॉसमध्ये, अर्धा अर्धा फेरा सोडा. आत ३०-४० किलो जोर दाबून बसलेला असतो. एकेक स्क्रू पूर्ण काढत गेलात तर शेवटचा स्क्रू आटे घेऊन उडतो.

६. रॉडचा नट सोडत स्प्रिंग मोकळी करा. वजनांचे रोलर गोल फिरतात का पाहा, एका बाजूने सपाट झाले असतील तर पूर्ण सेट बदला. पिना, बुश, वजनं सरकतात तो उतार, सगळ्यांवर बोट फिरवा. बोटाला खाच लागली तर वजनही तिथं अडकणार.

७. पुलीच्या आतल्या बाजू स्कॉच ब्राइटने हलक्या हाताने गोल घासा, थिनरने पुसा. यानंतर त्यावर उघडा हात लावू नका, घामाचा तेलकटपणा पट्ट्याला पुरतो.

८. नवी स्प्रिंग, खुणा जुळवून कव्हर, स्क्रू परत क्रॉसमध्ये. कव्हरचे स्क्रू आणि मधला बोल्ट, दोन्ही टॉर्क पान्याने, पुस्तिकेतल्या आकड्याला. इम्पॅक्ट गन इथं वापरू नका.

९. टेपर शाफ्ट असेल तर शाफ्ट आणि क्लचचं भोक पूर्ण कोरडं, स्वच्छ हवं. तेल-ग्रीस लागलं की क्लच टेपरवर जास्त चढतो आणि भोक फाटण्याची भीती असते. सरळ चावीच्या शाफ्टवर मात्र अँटी-सीझचा (भाग एकमेकांत अडकू न देणाऱ्या लेपाचा) पातळ हात द्या, नाहीतर पुढच्या वेळी क्लच निघणार नाही.

८. गिअरबॉक्सवरचा क्लच

हे काम सोपं आहे, पण पीळ चुकतो.

खोलण्याआधी पिळाचा जोर मोजा. स्थिर पुली धरा, सरकत्या पुलीच्या कडेला हुकाचा काटा अडकवा, कडेला स्पर्श करत जाणाऱ्या दिशेत ओढा. पुली हलायला लागली की आकडा लिहा. पुढच्या प्रत्येक बदलाची तुलना या आकड्याशी होईल.

मग कॅम दाबून सरक्लिप काढा. कॅम सोडताना तो पिळाने फिरत वर येतो, दोन्ही हातांनी धरा. स्प्रिंगचं टोक कॅमच्या आणि पुलीच्या कोणत्या भोकात होतं, त्याचे फोटो काढा. भोकांवर बहुधा आकडे किंवा अक्षरं असतात.

कॅमवर चालणारी प्लास्टिकची बटणं झिजलेली असतील तर नवी टाका. या बटणांचं नाव कोणी काढत नाही, पण ती झिजली की पुली झटक्याझटक्याने सरकते.

नवी स्प्रिंग विकत घेण्याआधी जुनीच पुढच्या भोकात टाकून पाहा. पुष्कळ गाड्यांचं काम एवढ्यावर भागतं आणि पैसे वाचतात. भाराखाली आरपीएम सुधारला पण अजून कमी पडतो, आणि भोकं संपली, तेव्हा कडक स्प्रिंग.

९. जोडणी

पट्टा बाणाच्या दिशेने चढवा. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टीने बघा. इंजिनाची रबरी माउंट दबून खचली असतील तर क्लच तिरका होतो आणि पट्ट्याची एकच बाजू झिजते. कव्हर, हवेचे पाइप, पंखा, सगळं जागच्या जागी. हवेचा पाइप फाटका असेल तर बदलूनच घ्या.

१०. परत मोजा

पायरी ५ मधले पाचही आकडे त्याच जागी, त्याच बोज्याने, दिवसाच्या त्याच वेळी घ्या. मार्करची रेघही परत ओढा. मग लक्षणांवरून पुढचं ठरवा:

- *गाडी उभ्या जागी सरपटते:* आधी स्लो रनिंग तपासा. ते ठीक असेल तर इंजिनावरच्या स्प्रिंगचा सुरुवातीचा जोर कमी आहे.
- *धक्क्याने सुटते, पट्ट्याला एकाच जागी जळल्याचा डाग:* सुरुवातीचा जोर जास्त झाला.
- *सपाटीवर बरी, चढावर किंवा वळणावर इंजिन दबतं:* गिअरबॉक्सवरचा पीळ वाढवा. पूर्ण थ्रॉटलला सपाटीवरही आरपीएम कमी असेल तर वजनं जड आहेत.
- *इंजिन फिरतं, वेग वाढत नाही, रेघ बरीच शिल्लक:* कुठली तरी स्प्रिंग प्रमाणाबाहेर कडक आहे, किंवा वेढे एकमेकांवर बसताहेत.
- *इंजिन फिरतं, रेघ पूर्ण पुसलेली, जळका वास:* पट्टा घसरतोय. तेल, पाणी किंवा झिजलेला पट्टा.

११. ऊन, डोंगर आणि पाणी

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. २५ अंशांच्या हवेपेक्षा ती हवा सुमारे ६ टक्के विरळ असते, म्हणजे इंजिनाची ताकदही साधारण तेवढीच कमी. शिवाय पट्ट्याला थंड करणारी हवाच गरम असते. हिवाळ्यात जुळवलेली सेटिंग मे महिन्यात दमते ती यामुळे. उन्हाळ्यात पीळ एक भोक कमी ठेवणं आणि बोज्याचं काम लो गिअरमध्ये करणं पट्ट्याला मानवतं. पुल्यांचं तापमान इन्फ्रारेड मीटरने मोजा, पण नुसता आकडा धरू नका. हवेपेक्षा किती अंश जास्त, ते लिहा. स्प्रिंग बदलल्यावर हा फरक ठळकपणे वाढला तर दाब जास्त झालाय.

तोरणमाळला, साधारण ११५० मीटरवर, इंजिनाची ताकद तापीकाठच्या मानाने १० टक्क्यांच्या आसपास घटते. कायम सातपुड्यात चालणाऱ्या गाडीला स्प्रिंग कडक करण्यापेक्षा वजनं हलकी करणं जास्त योग्य. एखाद-दुसऱ्या फेरीसाठी काहीच बदलू नका, लो गिअर वापरा.

पाण्यात ही गाडी टायरच्या खाचांनी पाणी ढकलत ताशी ४ ते ५ किलोमीटरने जाते. कडक स्प्रिंगने हा वेग वाढत नाही. टायर तेच, खाचा त्याच. इंजिन फक्त जास्त ओरडतं. पट्ट्याला पाणी लागलं असेल तर काठावर येऊन गिअर न्यूट्रलला टाका आणि थोडा वेळ इंजिन वाढवून फिरवा, फिरता पट्टा पाणी झटकतो. तरीही घसरत असेल तर पाणी कुठून येतंय ते शोधा: तळाचे प्लग, अ‍ॅक्सलच्या सीला, बंद पडलेला बिल्ज पंप (तळात साचलेलं पाणी बाहेर टाकणारा).

नव्या स्प्रिंगेची पहिली चाचणी पाण्यात घेऊ नका. जमिनीवर काही तास चालल्यावर, काठाजवळ, गाडीला दोर बांधून आणि सगळ्यांनी लाइफ जॅकेट घालून उतरा. धरणाच्या जलाशयात जायचं असेल तर तिथल्या पाटबंधारे उपविभागाची लेखी परवानगी आधी घ्या.

पहिल्या काही तासांत नवी स्प्रिंग थोडी बसते. त्यानंतर मधल्या बोल्टचा आणि कव्हरच्या स्क्रूंचा टॉर्क परत तपासा, पकडीचा आरपीएम परत मोजा आणि वहीत पहिल्या आकड्याशेजारी लिहा. ५० ते १०० आरपीएमची घट चालते. त्याहून जास्त असेल तर स्प्रिंग काढून वजनकाट्यावर पुन्हा तोला. जुनी स्प्रिंग फेकू नका, तारखेची चिठ्ठी बांधून ठेवा. गाडी पाण्यापासून दूर बंद पडली, तर रात्रीत घरी आणायला तीच उपयोगी पडते.